घुबडाच्या पिल्लाचे छायाचित्र

पैनगंगेच्या दक्षिण तीरावर आदिलाबाद जिल्हा पसरलेला आहे. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी तेलंगणातील जिल्ह्यांची पुनर्रचना होऊन जुन्या विस्तीर्ण आदिलाबादचे चार जिल्हे झाले. तथापि नदीच्या दोन्ही काठांवरील मुलखाचे रूप त्यामुळे पालटलेले नाही. सागाचे रान, काळ्या जमिनीतील कापूस, मधूनच खडकाळ टेकड्या आणि ओढ्यांच्या उभ्या दरडी असा हा प्रदेश असून मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी या भाषा येथे शेजारी शेजारी नांदतात. घुबडांना असा मुलूख मानवतो. आंब्याच्या किंवा वडाच्या ढोलीत पिंगळा राहतो, पडक्या वाड्यात गव्हाणी घुबड, आणि दरडीच्या कपारीत डोक्यावर शिंगांसारखे पिसांचे तुरे असलेले मोठे शृंगी घुबड.

हिवाळा सरू लागल्यापासून उन्हाळ्यापर्यंत या पक्ष्यांची पिल्ले ढोलीबाहेर किंवा कपारीबाहेर दिसू लागतात. नेमक्या याच दिवसांत मोहफुले वेचण्यासाठी माणसे पहाटे रानात शिरतात व पुढे तेंदूपानाचा हंगाम येतो. साहजिकच माणसाची आणि पिल्लाची गाठ पडते. पांढुरक्या लवेचा एक गोळा, त्यात दोन वाटोळे डोळे, आणि ते आपल्याकडे रोखलेले! पूर्वी अशा वेळी कोणी अपशकुन मानून वाट बदली, तर कोणी दगड उचली. आता बहुधा खिशातून मोबाईल निघतो. हा बदल स्वागतार्ह आहे यात शंका नाही. परंतु दगड मारणाऱ्याला आपण पिल्लास इजा करीत आहोत हे ठाऊक असे. छायाचित्र घेणाऱ्यास ते बहुधा ठाऊक नसते.

जमिनीवर किंवा खालच्या फांदीवर एकटे बसलेले पिल्लू पाहून ते पोरके झाले आहे असा समज होतो. तो प्रायः चुकीचा असतो. घुबडांची पिल्ले उडता येण्यापूर्वीच घरटे सोडून आसपास फिरू लागतात. शृंगी घुबडाची पिल्ले तर दरडीवर पायी हिंडतात. पिंगळ्याचे पिल्लू खाली पडल्यास चोच व नख्या यांच्या आधाराने खोडावर पुन्हा चढू शकते. आईबाप जवळच्याच झाडीत निश्चल बसून असतात व काळोख पडू लागला की भक्ष्य घेऊन येतात. अशा पिल्लास घरी नेऊन दूध-भाकरी चारणे म्हणजे दया नव्हे. ते रस्त्यावर असेल किंवा कुत्री जवळ आली असतील, तर फडक्यात धरून लगतच्या झाडाच्या फांदीवर ठेवावे व वनकर्मचाऱ्यांस कळवावे. माणसाचा स्पर्श झालेल्या पिल्लास आईबाप टाकून देतात, ही समजूत निराधार आहे.

आता छायाचित्राविषयी. घुबडाचे डोळे खोबणीत घट्ट बसलेले असतात, ते फिरत नाहीत. म्हणून पाहण्यासाठी त्याला संपूर्ण मान वळवावी लागते. मानेत चौदा मणके असल्यामुळे ती कोणत्याही एका बाजूस सुमारे २७० अंशांपर्यंत वळते. पिल्लाची मान आपल्या चालीबरोबर वळत राहिली, तर त्याने आपल्याला केव्हाच हेरले आहे असे समजावे. यानंतर ते जे करते, ते माणसास मोठे मौजेचे वाटते. कधी ते डोळे बारीक करून अंग आक्रसून फांदीच्या खुंटासारखे उभे राहते. कधी चोचीने टक्‌टक् आवाज करते. आणि अधिक जवळ गेल्यास पंख पंख्यासारखे उभारून, पिसे फुलवून, आपल्या दुप्पट आकाराचे दिसू लागते. या अखेरच्या पवित्र्याची छायाचित्रे लोकांस फार आवडतात. ती एकमेकांना पाठविली जातात, त्यांना बक्षिसेही मिळतात. वस्तुतः ते भयभीत पक्ष्याचे चित्र असते. पळता येत नाही म्हणून तो मोठा दिसण्याचा प्रयत्न करीत असतो, आणि छायाचित्रकार त्यास रुबाब समजतो.

या भीतीची किंमत पिल्लू कशी चुकविते हे ध्यानात घेणे अगत्याचे आहे. दिवसा आडोशातून हुसकावलेले पिल्लू कावळ्यांच्या व कोतवालांच्या नजरेस पडते. मग हे पक्षी कल्ला करीत त्याच्यावर झेपा घालू लागतात. सायंकाळी माणूस तळ ठोकून बसला, तर भक्ष्य घेऊन आलेले आईबाप दूरच थांबतात व पिल्लू उपाशी राहते. घुबडाची बाहुली काळोखात पूर्ण विस्फारलेली असते. अशा वेळी विजेचा झोत टाकल्याने काही काळ त्याला नीट दिसत नाही. उडणे नुकतेच शिकलेल्या पक्ष्यास तेवढा काळ थोडा नव्हे.

म्हणून छायाचित्र दुरूनच घ्यावे, आणि बसून घ्यावे. उभ्या माणसापेक्षा स्थिर बसलेल्या माणसाचे भय पक्ष्यास कमी वाटते व चित्रही डोळ्यांच्या पातळीवर येते. सकाळचा किंवा उतरत्या दुपारचा तिरपा प्रकाश सर्वांत चांगला. लव पांढरी असल्यामुळे मागची झाडी काळोखी असेल तर कॅमेरा फसतो आणि पिल्लू चुन्याच्या डागासारखे उमटते. प्रकाशाचे माप लवेवरच घ्यावे. लांब पल्ल्याचे भिंग नसेल तर दुर्बिणीला मोबाईल लावूनही कामापुरते चित्र मिळते. मधली फांदी आड येत असेल तर ती येऊ द्यावी. ती तोडणे म्हणजे पिल्लाचे छप्पर काढणे होय. दहा-पंधरा मिनिटांत उठावे, आणि पिल्लाने अंग आक्रसले किंवा चोच वाजविली तर त्याआधीच.

घरट्याजवळ जाण्यात माणसालाही धोका आहे. विख्यात ब्रिटिश पक्षी-छायाचित्रकार एरिक हॉस्किंग १९३७ साली घुबडाच्या घरट्यापाशी उभारलेल्या लपणाकडे अंधारात जात असता मादीने त्यांच्या तोंडावर झडप घातली आणि त्यांचा डावा डोळा कायमचा गेला. त्यांनी घुबडांची छायाचित्रे घेणे मात्र सोडले नाही.

छायाचित्राने काय साधते याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. रानपिंगळा हा पक्षी प्रथम १८७२ साली मिळाला. १८८४ नंतर त्याची विश्वसनीय नोंद नव्हती आणि जगातील संग्रहालयांत त्याच्या अवघ्या सात कातड्या होत्या. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, पामेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट या अमेरिकी अभ्यासकांना तो पुन्हा दिसला. एकोणिसाव्या शतकात असा पक्षी बंदुकीने पाडल्याशिवाय पुरावा मानला जात नसे. या वेळी छायाचित्रे व चित्रफीत पुरेशी ठरली. पुढे तो मेळघाटात आणि २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यातही आढळला.

तेव्हा छायाचित्राबरोबर तारीख, वेळ, झाड किंवा कपार, भावंडांची संख्या व पिसांची अवस्था लिहून ठेवावी. घुबड रोज उबविण्यास पहिल्या अंड्यापासूनच आरंभ करते. त्यामुळे एकाच घरट्यातील पिल्ले लहानमोठी असतात, आणि अशी नोंद अभ्यासकांस उपयोगी पडते. शिक्षकांनी हंगाम सरल्यावर मुलांना त्या झाडाखाली न्यावे. घुबडाने ओकून टाकलेल्या केसांच्या व हाडांच्या गोळ्या तेथे मिळतात. त्या भिजवून उकलल्या की उंदरांच्या कवट्या व जबडे हाती येतात, आणि कापूस-ज्वारीच्या शेतात हा पक्षी रात्रभर काय काम करतो ते मुलांना वेगळे सांगावे लागत नाही.

ठिकाणाचे नाव मात्र चित्राबरोबर प्रसिद्ध करू नये. काळ्या जादूसाठी, विशेषतः दिवाळीच्या सुमारास, घुबडे पकडून विकली जातात. ‘ट्रॅफिक इंडिया’ या संस्थेने २०१० साली या व्यापाराचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला होता. गावाचे नाव व झाडाची खूण दिलेले छायाचित्र अशा माणसास आयता नकाशा ठरते. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानुसार घुबडांना संरक्षण असून त्यांना पकडणे, तसेच त्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे ही शिकारच समजली जाते. अभयारण्यात छायाचित्रणासाठी प्रवेश करावयाचा असल्यास मुख्य वन्यजीव रक्षकाची परवानगी लागते. त्याविषयीची चौकशी जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात करता येते.