बिनमानांकिताचा भाव

पुण्याच्या बालेवाडीत महाराष्ट्र ओपन ही एटीपी दर्जाची टेनिस स्पर्धा पाच वेळा झाली. चेन्नईहून ती २०१८ साली पुण्यात आली, २०२१ चं वर्ष कोरोनात गेलं आणि २०२३ नंतर ती पुण्यातूनही हलली. एकेरीतले पाच विजेते असे. २०१८ मध्ये फ्रान्सचा जिल सिमाँ, जागतिक क्रमवारीत ८९ वा; त्याने उपांत्य फेरीत अव्वल मानांकित मारिन चिलिचला आणि अंतिम फेरीत केविन अँडरसनला हरवलं. २०१९ मध्ये तोच अँडरसन, या वेळी अव्वल मानांकित म्हणून. २०२० मध्ये चेक खेळाडू यिरी व्हेसेली, क्रमवारीत १०७ वा. २०२२ मध्ये पोर्तुगालचा जुवाँव सोसा, १३७ वा. २०२३ मध्ये नेदरलँड्सचा टालन ग्रीकस्पोर, ९५ वा.

पाचांत चार बिनमानांकित! सोलापुरात कुठल्याही कट्ट्यावर ही यादी वाचून दाखवली तर कुणीतरी म्हणणारच, "का बे, मग मोठ्या नावांवर पैसे लावतात कशाला लोक? बाहेरच्यावर लावायचे, भाव पण तगडा मिळतो." ऐकायला बिनतोड वाटतं. यात नेमकं काय बिनसलंय, हे सांगायला संभाव्यताशास्त्र लागतं आणि थोडं मानसशास्त्रही.

बालेवाडीच्या एकेरीत २८ खेळाडू असत. त्यांतले आठ मानांकित, वीस बिनमानांकित. पहिल्या चार मानांकितांना पहिल्या फेरीत पुढे चाल. बाकी सगळ्यांना करंडकासाठी सलग पाच सामने जिंकावे लागणार. एखाद्याची दर सामन्यातली शक्यता ४० टक्के धरली, म्हणजे तसा तो बराच तगडा, तरी पाचही जिंकण्याची शक्यता ०.४ चा पाचवा घात. उत्तर येतं एक टक्क्याच्या जेमतेम वर. ३० टक्के धरली तर चारशेत एकदाही नाही.

आता दुसऱ्या बाजूने बघू. आठ मानांकितांची मिळून शक्यता निम्मी आहे असं समजा. उरलेली निम्मी वीस जणांत वाटली गेली, तर सरासरी प्रत्येकी अडीच टक्के. म्हणजे 'बिनमानांकित कुणीतरी जिंकेल' हे नाणेफेकीइतकं शक्य आणि 'हा अमुक जिंकेल' हे चाळीसात एक. कट्ट्यावरचा माणूस पहिल्या विधानाच्या भरवशावर दुसऱ्यावर पैसे लावतो. बुकी मात्र नेहमी दुसऱ्याचाच भाव देतो.

कुणी म्हणेल, मग विसांवरही लावू. लावा! पाच वर्षं, दर वर्षी वीस जणांवर शंभर-शंभर रुपये, म्हणजे दहा हजार. चार वेळा पैसे आले, शहाण्णव वेळा गेले. नुसतं बरोबरीत सुटायला त्या चौघांचा सरासरी भाव २५ पट हवा. तोही अशा पाच वर्षांत, जेव्हा नशीब बाहेरच्यांवर चांगलंच खूश होतं. वरच्या निम्म्या-निम्म्या हिशेबाने पाचांत दोन-तीनच असे निघायला हवेत. मग भाव ४० लागतो. पाच स्पर्धा म्हणजे नमुना तरी केवढा! एवढ्यावर सिद्धांत उभा करणं धाडसाचंच.

शिवाय ही माणसं खरंच 'बाहेरची' होती का? सिमाँ २००९ च्या जानेवारीत जगात सहावा होता. व्हेसेलीने २०१६ मध्ये माँटे कार्लोत जोकोविचला हरवलेलं. सोसा एके काळी पहिल्या तिसांत होता. क्रमवारी ही मागच्या बावन्न आठवड्यांच्या गुणांची बेरीज. दुखापतीतून परतलेला खेळाडू तिच्यात महिनोन्‌महिने खालीच दिसतो. भाव काढणारा क्रमवारीवर विसंबत नाही. तो ताजे निकाल, कोर्टाचा प्रकार, आमनेसामनेचा इतिहास सगळं गणितात घालतो. त्यामुळे १३७ हा आकडा वाचून आपण चकित होतो, तो होत नाही.

टेनिसची गुणपद्धत हे तर स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते जुनं आहे. संभाव्यतेच्या आद्य ग्रंथकारांपैकी एक असलेल्या याकोब बर्नुलीने टेनिसचा पूर्वज असलेल्या 'जू द पोम' या खेळातल्या शक्यतांवर एक दीर्घ पत्र लिहिलं. त्याच्या मृत्यूनंतर १७१३ साली त्याचा 'आर्स कंजेक्टांडी' हा ग्रंथ छापला गेला, तेव्हा हे पत्र त्याला जोडलं होतं. बर्नुलीला दिसलेली गोष्ट अशी, की ही पद्धत छोटा फरक फुगवते. एक खेळाडू दर गुण ५५ टक्के शक्यतेने जिंकतो असं धरा. गेम जिंकण्याची त्याची शक्यता होते ६२ टक्के, सेटची ८१ आणि तीन सेटच्या सामन्याची ९१. पाच सेटचा सामना असेल तर ९५ च्याही वर. शंभर गुणांत ५५-४५ म्हणजे प्रेक्षकाला बरोबरीची झुंज वाटावी; निकाल मात्र जवळपास ठरलेला. बाहेरच्याला चांगलं खेळून भागत नाही, त्याला नेमके मोक्याचे गुण मिळावे लागतात. व्हेसेलीने २०२० मध्ये उपांत्यपूर्व आणि उपांत्य अशा दोन्ही सामन्यांत मॅच पॉइंट वाचवले होते. त्यांतला एखादा गुण इकडचा तिकडे झाला असता तर आपल्या यादीत दुसरंच नाव असतं.

याला एक पळवाट आहे, बिनतोड सर्व्हिस. दोघेही आपापली सर्व्हिस राखत गेले की सेट टायब्रेकवर जातो आणि तिथे दोन-चार गुणांत सगळं ठरतं; फुगवण्याचं यंत्रच बंद पडतं. २०१९ च्या अंतिम सामन्यात अँडरसनसमोर ३९ वर्षांचा, जवळजवळ सात फुटी इव्हो कार्लोव्हिच होता. तिन्ही सेट टायब्रेकवर गेले, शेवटचा ७-५ असा सुटला. पाचांतला एकमेव 'अपेक्षित' विजेता तोही असा, केसभर फरकाने!

आता भावाकडे. परदेशी कंपन्या भाव दशांशात देतात. ६.५० म्हणजे शंभर लावले आणि लागले तर मुद्दलासह साडेसहाशे. समजा एका सामन्यात आवडत्याचा भाव १.१० आणि दुसऱ्याचा ६.५०. भाव उलटा केला की शक्यता मिळते: ९०.९ टक्के आणि १५.४ टक्के. बेरीज १०६.३. वरचे ६.३ हा बुकीचा गल्ला. पण तो दोघांवर सारखा बसवलेला नसतो. खऱ्या शक्यता ९० आणि १० असतील तर आवडत्यावर लावणाऱ्याला शंभरामागे सरासरी ९९ परत मिळतात, बाहेरच्यावर लावणाऱ्याला ६५. गल्ल्याचा जवळजवळ सगळा भार त्या तगड्या भावावर असतो, आणि वरवर पाहता तोच भाव उदार दिसतो.

हे आकडे उदाहरणापुरते घेतले. कल खरा आहे. रिचर्ड ग्रिफिथ या मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली अमेरिकी घोड्यांच्या शर्यतींत तो टिपला. स्नोबर्ग आणि वोल्फर्स या अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये अमेरिकेतल्या दहा वर्षांच्या शर्यती चाळल्या. दर वेळी फेव्हरिटवर लावणाऱ्याचं नुकसान शंभरामागे साडेपाचच्या आसपास, तर शंभरास एक किंवा त्याहून लांबच्या भावाच्या घोड्यांवर लावणाऱ्याचं ६१. टेनिसमध्येही असाच कल असल्याचं फॉरेस्ट आणि मॅकहेल यांनी २००७ मध्ये दाखवलं.

लोक हा तोटा का सोसतात? कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांचं १९९२ चं मोजमाप इथे उपयोगी पडतं. एक टक्का शक्यता निर्णय घेताना साडेपाच टक्क्यांइतकी वजनदार ठरते. उलट ९९ टक्के उतरून ९१ वर येते. एक टक्क्याला रास्त भाव १०० हवा. साडेपाच टक्के वाटणाऱ्या मनाला मात्र १८ सुद्धा चालतो. बुकीने ५० देऊ केला की लावणाऱ्याला लॉटरीच लागल्यासारखी वाटते, आणि तो निम्म्या किमतीत गंडलेला असतो. त्यात एमा रादुकानुसारखी एखादी येते. २०२१ च्या अमेरिकन ओपनमध्ये १८ वर्षांची, क्रमवारीत १५० वी, पात्रता फेरीतून आली आणि दहा सामन्यांत एकही सेट न गमावता जिंकली. अशी गोष्ट डोक्यात घर करून बसते. त्याच पात्रता फेरीतल्या बाकीच्या नावांपैकी किती आठवतात?

दोष लावणाऱ्यांचाच आहे असं मात्र नाही. अर्थशास्त्रज्ञ ह्युन साँग शिन यांनी १९९२ मध्ये बुकीच्या बाजूने विचार केला. बुकीला सर्वांत जास्त भीती असते ती आतली खबर असलेल्या माणसाची. असा माणूस फेव्हरिटवर आला तर फार बिघडत नाही. ६० च्या भावावर आला तर बुकी झोपतो. म्हणून भाव जितका लांबचा, तितका तो आधीच कापून ठेवायचा.

शिन यांचा मुद्दा सोलापूरकराला घरबसल्या बघता येतो. अलीकडच्या वर्षांत आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची (आयटीएफ) खालच्या थरातली महिला स्पर्धा इथे भरली आहे. या थरावर पहिल्याच फेरीत हरणारीच्या हाती काहीशे डॉलर पडतात आणि प्रवासखर्चसुद्धा निघत नाही. अॅडम लुईस यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी समितीने २०१८ मध्ये निष्कर्ष काढला, की टेनिसमधल्या सट्ट्याशी संबंधित गैरप्रकारांचं मूळ खालच्या स्तरावर आहे: अपुरी मिळकत, ओस प्रेक्षागार आणि गुणागणिक जगभर विकला जाणारा डेटा. सर्वांत खालच्या, १५ हजार डॉलरच्या स्पर्धांचा थेट डेटा विकणं थांबवा, असंही समितीने सुचवलं. इथल्या कायद्यात अशा सट्ट्याला जागा नाहीच. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा आहे आणि पैशांच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये देशभर बंदी घातली.

पण गैरप्रकार बाजूला ठेवले तरी माहितीतली तफावत उरतेच. सकाळच्या सरावाला मानांकित मुलगी मांडीला पट्टी बांधून येते, सर्व्हिस करताना उडी घेत नाही, फिजिओला दोनदा बोलावते. कुंपणापाशी उभ्या असलेल्या पाच-पंचवीस जणांना हे दिसतं. हजारो मैलांवर पडद्यासमोर बसून भाव काढणाऱ्याला दिसत नाही. समोरच्या बिनमानांकित मुलीला गणिताने सातचा भाव येत असेल, तरी तो पाचच देतो.