निळी गोकर्ण : ओळख आणि आखाती बाल्कनीतली लागवड

मंडळी, मदतनिधीच्या टेबलावर चकली-चिवडा, आकाशकंदील आणि पणत्या तर दरवर्षीच असतात. यंदा त्यात रोपांची भर घालावी असा विचार पुढे आला आणि पहिली पसंती मिळाली निळ्या गोकर्णाला. गणपतीला वाहता येते, भर उन्हात टिकते, आणि एकदा लावली की काही वर्षे सोबत करते. पण नुसते "निळे फूल" म्हणून भागत नाही. इथे यूएईत निळ्या फुलांची निदान पाच-सहा झाडे डोळ्यांसमोर असतात आणि त्यांच्या नावांचा घोळ विचारू नका! कुणी देणगी देऊन रोप घरी नेले, त्याची फुले देवाला वाहिली, उरलेली चहात टाकली, आणि ते रोप भलतेच निघाले तर? देवाला फरक पडणार नाही कदाचित, पोटाला मात्र नक्की पडेल. म्हणून आधी ओळख, मग लागवड.

गोकर्णाचे शास्त्रीय नाव क्लिटोरिया टर्नेशिया. हे नाव लिनियसने १७५३ साली दिले. त्यातले 'टर्नेशिया' हे इंडोनेशियातल्या टर्नाटे बेटावरून आले. आपल्याकडे पाकळीचा आकार गाईच्या कानासारखा म्हणून गोकर्ण. बंगाली मंडळी हिलाच अपराजिता म्हणतात, आणि कालीच्या व दुर्गेच्या पूजेत तिला मोठा मान. शेजारच्या मल्याळी चेचींना विचाराल तर त्या सांगतील, "हे तर शंखुपुष्पम!" इथेच गडबडीला सुरुवात होते, कारण आपण बुद्धी तल्लख करणारी म्हणून जी शंखपुष्पी बाटलीतून विकत आणतो ती बहुधा वेगळीच, जमिनीसरशी पसरणारी वनस्पती असते. त्यात भर म्हणून गणपतीच्या एकवीस पत्रींतली विष्णुक्रांता. कुणी म्हणते ती म्हणजे गोकर्णच, तर कुणी म्हणते बोराएवढ्या निळ्या फुलाची ती नाजूक रानवनस्पती, म्हणजे इव्होल्व्हुलस. ग्रंथांमध्येही एकच नाव दोन-तीन झाडांना लावलेले सापडते, तेव्हा वाद घालण्यात अर्थ नाही. पूजेला दोन्ही चालतील. औषध म्हणून घेताना मात्र नावावर विसंबू नये, इतकेच.

आता झाडासमोर उभे राहून गोकर्ण कशी ओळखायची? आमच्या मते तीन खुणा पुरेत.

पहिली खूण फुलाची. गोकर्ण वाटाण्याच्या कुळातली, म्हणजे तूर, मूग, चवळी यांची बहीण. या कुळातल्या फुलांची सर्वांत मोठी पाकळी सहसा वरच्या बाजूला, पताकेसारखी उभी असते. गोकर्णाचे फूल मात्र उलटे लागते, मोठी पाकळी खाली आणि बाकीचा पसारा वर. ती पाकळी म्हणजे मधमाशीसाठी घातलेला पाटच. माशी त्यावर उतरते आणि आत शिरताना परागकण तिच्या पाठीला लागतात. पाकळी गडद निळी, मधोमध पांढरा-पिवळसर डाग, आणि फूल साधारण दीड-दोन इंचांचे. पांढरी गोकर्णही असते, आणि गुलाबासारखी भरगच्च दुहेरी गोकर्णही. दुहेरीत सगळ्या पाकळ्या सारख्याच मोठ्या असल्याने 'उलटे फूल' ही खूण लागू पडत नाही. तेव्हा पुढच्या दोन खुणा पाहाव्यात.

दुसरी खूण पानाची. एका देठावर पाच किंवा सात छोटी पाने, दोन्ही बाजूंना जोडीजोडीने आणि टोकाला एक. ही खूण फार कामाची, कारण अगदी गोकर्णासारखेच उलटे फूल येणारा आणखी एक वेल आहे, सेंट्रोसीमा. त्याचे फूल जांभळट असते आणि देठावर पाने तीनच. कोकणातल्या कुंपणांवर हा दिसतो आणि सुटीहून येणारी मंडळी हौसेने त्याच्या शेंगा उचलून आणतात. तीन पाने दिसली की तो आपला नव्हे, हे पक्के.

तिसरी खूण शेंगेची. चपटी, दोन ते चार इंच लांब, टोकाला बारीक चोच. वाळली की तपकिरी होते आणि आत सहा ते दहा बिया.

आता इथल्या बाकीच्या निळ्या मंडळींकडे वळू. व्हिलांच्या कुंपणाला फिकट आकाशी फुलांचे झुबके असतात तो प्लंबॅगो, आपल्या चित्रकाचा निळा भाऊ. त्याच्या फुलामागचा भाग चिकट असतो, बोटाला लागला की लगेच कळते, आणि त्याच्या रसाने काहींच्या त्वचेला खाज सुटते. रस्त्याच्या दुभाजकांत जांभळी कर्ण्यासारखी फुले आणि लांब अरुंद गडद पाने दिसतात ती रुएलिया. नर्सरीत 'ब्लू डेज' या नावाने जमिनीवर पसरणारे छोटे झुडूप मिळते तेही इव्होल्व्हुलसच, पण मूळचे ब्राझीलकडचे, आपली रानातली विष्णुक्रांता नव्हे. मॉर्निंग ग्लोरीचा वेल लांबून फसवतो. पण फूल अखंड कर्ण्यासारखे, पान बदामी आकाराचे. हिच्या बिया विषारी आहेत. आणि दुरांता! निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके आणि त्यांच्यामागे सोनेरी मण्यांसारखी फळे. मुलांना ती खाऊ वाटतात, पण ती विषारीच. घरात लहान मूल असेल तर दुरांता बाल्कनीत नकोच, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ओळख पटली, आता लागवड. इथे लोक एक गोष्ट विसरतात. हिवाळ्यात चौकाचौकांत आणि दुबईच्या मिरॅकल गार्डनमध्ये (हे २०१३ साली सुरू झाले) जो रंगांचा पूर येतो तो बहुतेक पिटुनियांचा, म्हणजे एका हंगामाच्या पाहुण्यांचा. उन्हाळा आला की बाग बंद आणि खेळ खलास. गोकर्ण बहुवर्षायू आहे, तिला उन्हाळ्यातून पार न्यावे लागते. जे काही कौशल्य लागते ते जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांतच. बाकी वर्षभर ती आपली आपण वाढते.

आम्ही कॉम्प्युटरवाले, त्यामुळे डेडलाइनपासून उलटे मोजायची सवय. आपली डेडलाइन गणपती. २०२५ मध्ये तो २७ ऑगस्टला होता, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला. म्हणजे फुले हवीत इथल्या सर्वांत वाईट हवेच्या शेवटी-शेवटी. बी पेरल्यापासून फूल यायला दीड-दोन महिने लागतात, म्हणून जूनमध्ये पेरले तरी गणित कागदावर जुळते. पण ४५ अंशांत कोवळे रोप टिकत नाही. उन्हाळ्याला सामोरे जाताना वेल तीन महिन्यांचा, जाड खोडाचा हवा. म्हणजे पेरणी फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत. दुसरा चांगला हंगाम ऑक्टोबरचा. त्या वेलाला थंडीत फुले येतात आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तो चांगला मुरतो.

बीचे कवच टणक असते. तसेच पेरले तर काही बिया महिनाभर ढिम्म हलत नाहीत. नखे घासायच्या कानसीने किंवा सँडपेपरने कडेला हलकेच घासून, कोमट पाण्यात रात्रभर भिजवावे. सकाळी फुगलेल्या पेराव्यात, न फुगलेल्या पुन्हा घासून पुन्हा भिजत टाकाव्यात. अर्धा इंच खोल पेरल्या की सहसा आठवड्याभरात कोंब दिसतो. मुळांना धक्का आवडत नाही, तेव्हा शक्यतो थेट मोठ्या कुंडीतच पेराव्यात, किंवा कागदी कपात पेरून कपासकट लावाव्यात.

बियांवरून एक सांगायचे राहिले. भारतातून येताना बॅगेत बिया, रोपे, माती टाकून आणू नका. रोपा-बियांना वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र आणि आयातीची परवानगी लागते. (आणि खसखस तर मुळीच नको, इथे ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते, हे नव्याने आलेल्यांना आवर्जून सांगा.) इथल्या इथे बी मिळते, वारसानच्या नर्सऱ्यांत रोपेही मिळतात. वर सांगितलेल्या खुणा तिथेच तपासून घ्या. फूल नसले तरी पाने मोजता येतात!

कुंडी निदान बारा इंची, तळाला भोके असलेली. काळी प्लॅस्टिकची कुंडी टाळा, दुपारी तिच्या आत मुळे अक्षरशः शिजतात. मातीची उत्तम, नाहीतर पांढरी. असेल ती काळी कुंडी दुसऱ्या मोठ्या कुंडीत ठेवली तरी चालते. फरशीही तापते, म्हणून खाली विटा किंवा स्टँड. नर्सरीत 'स्वीट सॉइल' म्हणून क्षार कमी असलेली वाळू मिळते. ती दोन भाग, कंपोस्ट एक भाग, कोकोपीट एक भाग. खताचे फार लाड नकोत. शेंगवर्गीय असल्याने मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन तिला मिळवून देतात. नत्रयुक्त खत जास्त झाले की वेल नुसता पानांनी भरतो आणि फूल शोधावे लागते.

पाण्याचे मात्र नीट ऐका. इथे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी इतके तापते की 'थंड' नळाला हात लावता येत नाही. ते तसेच कुंडीत ओतले तर मुळांना चटका. उपाय दोन. रात्री बादली घरात भरून ठेवावी आणि पहाटे घालावी. किंवा, इथले जुने रहिवासी करतात तसे, उन्हाळ्यात गीझर बंद ठेवून त्याच्या नळाचे पाणी वापरावे. घरातल्या गारव्यातले ते पाणी टाकीच्या पाण्यापेक्षा बरे असते. जून ते ऑगस्ट पहाटे आणि सूर्यास्तानंतर असे दोनदा, एरवी वरची इंचभर माती कोरडी झाली की. एसीचे ठिबकणारे पाणी चालते, पण ते यंत्रातून येते, तेव्हा चहासाठी फुले घ्यायच्या कुंडीला ते घालू नये. पाण्याची वाफ होऊन क्षार वर साठतात, पांढरी खपली दिसते. महिन्यातून एकदा भोकांतून वाहून जाईल इतके पाणी घालून ते धुऊन काढावेत. वाहिलेले पाणी खालच्या मजल्यावर जाऊ देऊ नका, आणि कुंडीखालच्या बशीत साठूही देऊ नका. १६ एप्रिल २०२४ च्या विक्रमी पावसानंतर साचलेल्या पाण्यातले डास काय असतात ते इथल्या सगळ्यांनी पाहिले आहे.

ऊन रोज पाच-सहा तास हवे, पण उन्हाळ्यात बारा ते चार हिरव्या जाळीची सावली. एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर कुंडी नको. त्या गरम झोतात दोन दिवसांत पाने करपतात. वेल सहा ते दहा फूट जातो, काथ्याची जाळी किंवा बांबू पुरतो. वरच्या मजल्यांवर वारा जोरात असतो, तेव्हा कुंडी कठड्याच्या आतच, जमिनीवर. कोरड्या गरम हवेत पानांखाली बारीक लाल कोळी होतो. पानांवर ठिपके आणि जाळी दिसली की पानांची खालची बाजू पाण्याने धुवावी, नंतर संध्याकाळी कडुनिंबाच्या तेलाचा फवारा. जुलैअखेर शेंडे खुडले की नवे फुटवे येतात आणि गणपतीच्या सुमारास बहर मिळतो. खोडापर्यंतची छाटणी मात्र ऑक्टोबरातच.

चहाबद्दल सगळेच विचारतात. निळा रंग अँथोसायनिन गटातल्या रंगद्रव्यांचा. लिंबू पिळले की जांभळा-गुलाबी होतो, म्हणजे शाळेतला लिटमसच! मुलांना हा खेळ जरूर दाखवा. मलेशियात या फुलांनी भात रंगवतात, थायलंडमध्ये सरबत करतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये या फुलांच्या अर्काला खाद्यरंग म्हणून मान्यता दिली. उलट युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२२ मध्ये सुकी फुले बाजारात आणण्याविरुद्ध सुरक्षिततेच्या कारणाने हरकत नोंदवली. आमचा कल मध्यम मार्गाकडे. घरच्या, न फवारलेल्या वेलाची चार-पाच फुले, कधीतरी. गरोदर बायकांनी आणि नियमित औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. बिया आणि मुळे जुलाब करतात, ती पोटात जाताच कामा नयेत.

बी धरायचे असेल तर हंगामाच्या शेवटी पाच-सहा शेंगा वेलावरच राहू द्याव्यात, बाकीच्या कोवळ्या असतानाच खुडाव्यात, नाहीतर फुले कमी होतात. शेंग तपकिरी झाली की लगेच काढा, पुरती वाळली की ती पिळवटून फुटते आणि बिया शेजाऱ्यांच्या बाल्कनीत जातात. सावलीत आठवडाभर वाळवून कागदी पाकिटात भराव्यात. पाकिटावर रंग, एकेरी की दुहेरी, आणि महिना-वर्ष लिहावे. टेबलासाठी पाकिटे देणार असाल तर त्या वेलाचे एक पान सोबत आणा. पाच किंवा सात मोजले की पाकीट विक्रीला.