माणसाचा जंत, डुकराचा जंत

जुन्या बोरिवलीकरांना तिथली सरकारी बेकन फॅक्टरी आठवत असेल. पण मुंबईच्या उपनगरांतली डुकरं फॅक्टरीपुरती कधीच नव्हती. गावठाणांत ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांच्या मागे ती पाळलेली असत, आणि नाल्यांकाठी मोकाट फिरत. झोपडपट्टीतली पोरं उघड्यावर बसत तीही तिथंच. पोरगं झोपेत दात खाऊ लागलं की घरात निदान ठरलेलं: जंत झालेत, वावडिंग द्या. (दात खाण्याचा जंतांशी संबंध सिद्ध झालेला नाही, पण आजीला ते कोण सांगणार!) हा जंत डुकराकडूनही आला असेल, अशी शंका मात्र कुणी घेत नसे.

हे दोन जंत एकच की वेगळे, यावर शास्त्रज्ञांतही एकमत नव्हतं. लिनियसने १७५८ मध्ये माणसाच्या गोल जंताला नाव दिलं, १७८२ मध्ये गोझेने डुकराच्या जंताला वेगळं. शेजारी ठेवले तर दोन्ही सारखेच: फिकट गुलाबी, टोकांना निमुळते, मादी वीतभराहून लांब आणि दिवसाला दोनेक लाख अंडी घालणारी. १९२२ मध्ये जपानच्या कोइनो या डॉक्टरांनी माणसाच्या जंताची २,००० अंडी स्वतः गिळली, धाकट्या भावाला डुकराच्या जंताची ५०० दिली. कोइनोंना न्यूमोनिया झाला, थुंकीत अळ्या सापडल्या. माणसातही जंत आतड्यात स्थिरावण्याआधी फुप्फुसांतून जातो, हे त्यातून दिसलं. भावाला असं भरीला घालणं आज कुठलीही नैतिकता समिती मान्य करणार नाही.

खरी उकल डीएनएने सुरू केली, आणि गुंताही त्यानेच वाढवला. १९९३ मध्ये टिम अँडरसन आणि सहकाऱ्यांनी ग्वाटेमालाच्या खेड्यांत पाहिलं, तर माणसं आणि डुकरं एकाच अंगणात राहत असूनही जंतांचे वंश वेगळे निघाले. दोनच वर्षांनी उत्तर अमेरिकेतल्या रुग्णांचे जंत तपासले, ते डुकरांचे होते. पुढे डेन्मार्कमध्येही तेच दिसलं. म्हणजे ज्या देशांत माणसांतला जंत जवळपास संपला, तिथं डुकराचा जंत माणसात शिरतो. २००७ च्या अभ्यासात तर संकरही सापडले: ग्वाटेमालात ४ टक्के, चीनमध्ये ७ टक्के. आईकडून येणारा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए एक सांगतो, पेशीकेंद्रातला दुसरंच, याचं एक कारण हे असावं. केनियातल्या माणसांच्या जंतांचे संपूर्ण जीनोम वाचून २०२० मध्ये संशोधकांनी म्हटलं की दोघांची सरमिसळ झालेला हा एकच समूह आहे. मला ‘जाती दोन की एक’ हा वाद त्यानंतर दुय्यम वाटतो. जंत कुठून कुठे जातोय, हे वस्तीगणिक तपासायला हवं.

आपल्याकडे २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. अंगणवाडी आणि शाळेत १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल देतात, मोठ्यांना ४०० मिलिग्रॅमची अख्खी गोळी, दोन वर्षांखालच्यांना अर्धी. डुकरांचा त्यात विचार नाही. देवनारच्या कत्तलखान्यात डुकरंही कापली जातात. जंताच्या अळ्या डुकराच्या यकृतातून गेल्या की त्यावर दुधाळ पांढरे ठिपके उरतात, ते नुसत्या डोळ्यांना दिसतात. तिथल्या डुकरांच्या आतड्यांतले जंत आणि गोळीनंतर मुलांच्या शौचातून पडलेले जंत एकाच प्रयोगशाळेत डीएनएने ताडून पाहिले, तर गोळी मुलांपुरती पुरे की डुकरांनाही औषध द्यायचं, ते ठरवता येईल.