सगळ्यांचा कदम एक, शिकण्याचा वेग निराळा

परेड ग्राउंडवर स्क्वॉडचा कदम एक असावा लागतो. कोणाचा पाय चुकला तर उस्तादांना ते तत्काळ दिसते. गणिताच्या वर्गात तसे होत नाही. "समजलं का?" असे विचारले की एका सुरात "येस सर" ऐकू येते, आणि कोणाचा पाय कुठे चुकला ते परीक्षेपर्यंत कळत नाही. ४० मिनिटांचा तास आणि ३५ कॅडेट्स असा हिशोब मांडला तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ६८ सेकंद येतात, तेही फळ्यावर काहीच शिकवले नाही तर!

ही अडचण जुनी आहे. १९५३ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या शाळेत गणिताचा तास पाहायला गेले होते. दोन गोष्टी त्यांना खटकल्या. सर्व मुलांना एकाच वेगाने चालावे लागत होते, आणि सोडवलेले उत्तर बरोबर की चूक हे त्यांना लगेच कळत नव्हते. त्यातून त्यांनी 'शिकवणारे यंत्र' तयार केले. एक प्रश्न, त्याचे उत्तर, लगेच पडताळा, मग पुढचा प्रश्न, अशी त्याची रीत होती. १९६० साली इलिनॉय विद्यापीठात 'प्लेटो' ही संगणकावर शिकवण्याची व्यवस्था सुरू झाली. आज आपल्या संगणक कक्षात आहे ती याच विचाराची पुढची पायरी.

लगेच पडताळा मिळण्याचे महत्त्व फायरिंग रेंजवर गेलेल्या कॅडेटला वेगळे सांगायला नको. पाच गोळ्या झाडल्या की टार्गेटवरचे ग्रुपिंग पाहता येते आणि पुढच्या वेळी नेम सुधारता येतो. तेच टार्गेट चार दिवसांनी दाखवले तर काय उपयोग? गृहपाठाच्या वह्या तपासून परत देताना माझ्याकडून नेमके हेच व्हायचे.

म्हणून मी 'मूडल' या विनामूल्य प्रणालीवर बीजगणिताच्या सरावाचे संच तयार केले. प्रत्येक संचात दहा प्रश्न. आठ बरोबर आले की पुढचा संच उघडतो, नाहीतर त्याच भागाचा पुन्हा सराव. चुकीचे पर्यायही विचार करून ठेवले. (क्ष + ३)² चा विस्तार विचारला तर एक पर्याय क्ष² + ९ असा. तो निवडणारा कॅडेट ६क्ष हे मधले पद विसरतो, हे मला त्याच्या उत्तरावरूनच कळते. त्याला लगेच सूचना मिळते : "क्ष = २ घेऊन पाहा." मूळ राशीची किंमत २५ येते, त्याच्या उत्तराची १३. आपली चूक त्याची त्यालाच सापडते. तपासणी संगणक करतो. माझे वह्यांचे तास वाचतात.

आता माझी चूक सांगतो. पहिल्या वर्षी यादीत ज्याच्या नावापुढे हिरवी खूण, त्याला समजले असे मी धरून चाललो. आमच्या वर्गात महाराष्ट्रातल्या एका खेड्यातून, मराठी माध्यमाच्या शाळेतून आलेला एक कॅडेट होता. त्याचे सगळे संच पूर्ण, सगळ्या खुणा हिरव्या. म्हणून दोन महिने मी त्याला वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. लेखी चाचणीत त्याला २५ पैकी ४ गुण मिळाले.

संध्याकाळी प्रेपच्या वेळी त्याला बोलावून मराठीतून विचारले. खाली मान घालून तो म्हणाला, "सर, तेच प्रश्न परत परत यायचे. कितवा पर्याय बरोबर ते पाठ झालं होतं." आणखी खोदून विचारल्यावर कळले की 'कोएफिशंट' म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नव्हते. 'सहगुणक' म्हटल्याबरोबर त्याचा चेहरा उजळला. गणित त्याला येत होते. अडला होता तो एका शब्दापाशी. इतर राज्यांतली मुले हसतील म्हणून त्याने हात वर केला नव्हता. आणि त्याचा गुरुजी यादी बघत बसला होता.

त्यानंतर तीन बदल केले. प्रत्येक प्रयत्नात आकडे बदलतात, त्यामुळे पाठांतर चालत नाही. दुसरा प्रयत्न त्याच दिवशी करता येत नाही; मधल्या दिवसात वहीत पूर्ण रीत लिहून आणावी लागते. आणि वाचलेला वेळ मी स्टाफरूममध्ये घालवत नाही, रोज दोन-तीन कॅडेट्सना जवळ बसवून "हे तू कसं केलंस?" एवढेच विचारतो. हिरव्या खुणा असलेल्यांनाही.

सैनिकी प्रशिक्षणात यंत्राची मदत नवी नाही. एडविन लिंक यांनी १९२९ च्या सुमारास जमिनीवरच उड्डाण शिकवणारे यंत्र बनवले. १९३४ साली अमेरिकेच्या लष्करी वैमानिकांवर टपाल नेण्याचे काम आले आणि खराब हवामानात अनेकांचे प्राण गेले, तेव्हा लष्कराने ही यंत्रे विकत घेतली. यंत्रात बसून वैमानिकाला जिवावर न बेतता चुका करता येत. पण म्हणून प्रशिक्षकाची गरज संपली नाही. शेजारी बसून तो चूक दाखवून देई.

पालकांना एक विनंती. मुलगा सुट्टीत घरी आला की "किती टक्के?" एवढ्यावर थांबू नका. एखादे उदाहरण त्याला आपल्या मायबोलीत समजावून सांगायला लावा. तुम्हाला गणित येत नसले तरी चालेल. तो कुठे अडखळतो ते तुम्हाला नक्की कळेल.

आणि कॅडेट्सना एवढेच सांगतो : संगणकासमोर तुम्ही एकटे असता, तिथे चुकायला लाजू नका. एकच प्रश्न दहा वेळा चुकला तरी तो कंटाळत नाही. मात्र तुम्हाला काय कळले नाही हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला समजत नाही, आणि कधीकधी मलाही नाही. तेव्हा हात वर करा.