कार्बनचा उजेड

टॉकीजच्या केबिनकडे जाणारा जिना इमारतीच्या बाहेरून आहे. लोखंडी, अरुंद. फिल्म पेटलीच तर आग प्रेक्षकांपर्यंत पोचू नये म्हणून जुन्या थिएटरांत केबिन अशी वेगळी काढत. भिंती जाड, खिडक्या वीतभर, त्यांवर पत्र्याच्या झडपा. १९५०च्या आसपासपर्यंत फिल्म नायट्रेटची असे, आणि ती एकदा पेटली की पाण्याखालीही जळत राही. नायट्रेट गेलं, झडपा राहिल्या.

आमच्या तालुक्याच्या गावातली ही टॉकीज आता बंद आहे. सगळं गाव ज्यांना ‘ऑपरेटर’ म्हणूनच ओळखतं, त्या काकांकडे किल्ली असते. मी मागे लागलो तेव्हा त्यांनी जपून ठेवलेली कार्बनच्या कांड्यांची एक जोडी बाहेर काढली.

मशीनं दोन. हजार फुटांच्या दोन रिळांचा जोड एका मशीनवर चढायचा. फिल्म मिनिटाला ९० फूट पळते, म्हणजे बावीसेक मिनिटांत खेळ दुसऱ्या मशीनवर न्यावाच लागतो. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वरती एक ठिपका क्षणभर चमकतो. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची. सातेक सेकंदांनी दुसरा ठिपका येतो, तेव्हा एकाचं तोंड बंद, दुसऱ्याचं उघडं. खाली बसलेल्या आम्हांला यातलं काही कळायचं नाही. मी इतके सिनेमे इथे पाहिले, पण तो ठिपका एकदाही माझ्या ध्यानात आला नव्हता.

“आणि कार्बन?” मी विचारलं.

“ते लेकरागत. नजर हलवायची नाही,” काका म्हणाले.

दिव्याच्या पेटीत मोठा अंतर्वक्र आरसा. त्याच्यासमोर दोन कांड्या, तोंडाला तोंड लावून. त्या टेकवून लगेच किंचित मागे घेतल्या की मधल्या फटीत उजेड धरतो, इतका प्रखर की गडद काचेतूनच बघायचा. पण कांड्या जळून झिजतात, फट वाढते, उजेड पिवळा पडतो. म्हणून मूठ फिरवत त्यांना पुढे सरकवत राहायचं. अडीच-तीन तास, रोजचे सगळे खेळ. धूर धुराड्यातून वर जाई, पण केबिनमधल्या उन्हाळ्याला धुराडं नव्हतं. पेटीच्या तळाशी साचलेले तांब्याचे थेंब मोडीत विकले जात. आम्हां पोरांच्या वाट्याला तुटक्या फिल्मचे तुकडे यायचे. प्रत्येक तुकड्यामागे इथे कुणीतरी ब्लेडने इमल्शन खरवडून, सिमेंट लावून, जोड दाबून धरलेला असे. आणि तेवढ्या वेळात खाली शिट्ट्यांचा गदारोळ. १९९१ साली ‘माहेरची साडी’ आला, तेव्हा आसपासच्या गावांहून बायका ट्रॅक्टर-ट्रॉलीत बसून आल्या होत्या. काकांनी तो सिनेमा शेकडो वेळा दाखवला. सलग मात्र एकदाही पाहिला नाही.

पुढे सिनेमा उपग्रहावरून येऊ लागला. एस.टी.च्या टपावरून येणाऱ्या रिळांच्या पत्र्याच्या पेट्या थांबल्या.

ही इमारत मुळात नाटकांसाठी बांधलेली. हे पडद्याच्या मागे गेल्याशिवाय समजत नाही. मागे लाकडी रंगमंच अजून शाबूत आहे, जुने पडदे ओढायच्या कप्प्यांसकट. बोलपट आले तसे त्याच रंगमंचावर कर्णे उभे राहिले आणि पुढे बारीक भोकांचा पडदा ताणला गेला, आवाज त्यातून बाहेर यावा म्हणून. गाणारे नट जिथे उभे राहत, तिथूनच पुढे नूरजहाँ आणि लता गायल्या. मला या वास्तूतलं हे सगळ्यांत मोलाचं वाटतं.

केबिनमध्ये काकांनी कांड्यांना वीज पुरवणारा रेक्टिफायर सुरू केला. कांड्या टेकल्या, सुटल्या. रिकामा पांढरा झोत थेट पडद्यावर गेला आणि त्यात कितीतरी वर्षांची धूळ तरंगू लागली. माझा हात मुठीवर ठेवून ते जिना उतरले. मला वाटलं, खुर्चीत बसतील. ते पडद्याच्या मागे गेले, रंगमंचावर. मी वीतभर खिडकीतून खाली बघत राहिलो.

थोड्या वेळाने पडद्याच्या आडून हाक आली, “पिवळं पडतंय! फिरव!”