खांदा: रचना, नेहमीच्या दुखापती आणि तपासणी



शाळेच्या मैदानावर कबड्डी चालू आहे. चढाईला गेलेल्या मुलाचा हात बचावपटूने पकडला, मूल रेषेकडे झेपावलं आणि दुसऱ्याच क्षणी दंड धरून खाली बसलं. अशा वेळी गर्दीतून एक आवाज हमखास येतो, "खांदा उतरलाय, एक हिसका द्या, बसेल!" हा हिसका का द्यायचा नाही, हे समजायला खांद्याची रचना माहीत हवी.

खांदा कसा बनलेला आहे?

खांद्यात तीन हाडं एकत्र येतात: दंडाचं हाड, पाठीवरचं त्रिकोणी चपटं हाड म्हणजे खवाटा, आणि गळ्याखालचं आडवं हाड म्हणजे कॉलर बोन. दंडाच्या हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं गोल असतं आणि ते खवाट्याच्या खोबणीत फिरतं. याला आपण वर्गात उखळीचा सांधा म्हणतो.

कमरेजवळचा मांडीचा सांधाही उखळीचाच. पण तिथली खोबण खोल वाटीसारखी आहे, तर खांद्याची उथळ बशीसारखी. कोणत्याही क्षणी चेंडूचा जेमतेम पाव ते एक तृतीयांश भागच या बशीला टेकलेला असतो. म्हणून तर हात डोक्यावर, पाठीमागे, चौफेर फिरतो. मात्र याच कारणाने शरीरातल्या मोठ्या सांध्यांपैकी सर्वांत जास्त वेळा निखळतो तो खांदाच. वर्गात एक चेंडू वाटीत आणि दुसरा बशीत ठेवून दोन्ही हलवून दाखवा, मुलांना लगेच कळेल.

मग चेंडू जागेवर कसा राहतो? बशीच्या कडेला कूर्चेची गोल किनार असते, तिच्यामुळे बशी थोडी खोल होते. भोवती अस्थिबंध असतात. आणि खवाट्यापासून निघालेले चार स्नायू आपल्या कंडरांनी चेंडूला वेढून बशीत दाबून धरतात. या चौकडीला रोटेटर कफ म्हणतात.

नेहमी दिसणाऱ्या दुखापती

1. खांदा निखळणे: हात वर आणि बाहेर वळलेला असताना धक्का किंवा ओढ बसली की चेंडू बशीतून निसटतो, बहुतेक वेळा पुढच्या बाजूला. खांद्याची गोलाई जाऊन तो चौकोनी दिसतो. किशोरवयात एकदा निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याचा धोका बराच असतो.

2. कॉलर बोन मोडणे: खांद्यावर किंवा पसरलेल्या हातावर पडल्याने होतं. मुलांमध्ये हे फार आढळतं. बहुतेकदा हात झोळीत ठेवून, ऑपरेशनशिवाय जुळतं.

3. वाढीच्या पट्टीची इजा: मुलांच्या हाडांच्या टोकाजवळ कूर्चेचा थर असतो, तिथून हाड लांबीने वाढतं. दंडाच्या हाडाची सुमारे 80 टक्के वाढ खांद्याकडच्या टोकातून होते. लहान मुलात पडल्यावर सांधा निखळण्यापेक्षा इथे हाड मोडण्याची शक्यता जास्त. सतत गोलंदाजी किंवा थ्रो करणाऱ्या मुलांत हीच पट्टी ताणाने दुखावते.

4. रोटेटर कफची इजा: ही बहुधा मोठ्यांची तक्रार. हात बाजूने वर नेताना मधल्या टप्प्यात कळ येते, रात्री त्या कुशीवर झोपवत नाही.

5. फ्रोझन शोल्डर: साधारण 40 ते 60 या वयात, मधुमेह असणाऱ्यांत जास्त. सांध्याभोवतीचं आवरण आखडतं. फळ्यावर वरच्या ओळीत लिहिणं किंवा केस विंचरणंही अवघड होतं.

डॉक्टर कसं तपासतात?

सुरुवात प्रश्नांनी होते: कसं लागलं, हात तेव्हा कुठल्या दिशेला होता, पूर्वी असं झालंय का? म्हणून जे पाहिलं ते नीट लक्षात ठेवा, ती माहिती फार उपयोगी पडते.

मग पाहणे, चाचपणे आणि हालचाल. शर्ट काढून दोन्ही खांद्यांची तुलना होते. कॉलर बोनवरून बोट फिरवून नेमकं कुठे दुखतं ते शोधतात. हाड मोडल्याचा किंवा निखळल्याचा संशय नसेल, तर रुग्णाला स्वतः हात हलवायला सांगतात आणि नंतर डॉक्टर तो हलवून बघतात. यातला फरक बोलका असतो. स्वतःला उचलता येत नाही पण डॉक्टरांनी उचलला तर जातो, तर रोटेटर कफ फाटल्याची शंका येते. दोन्ही प्रकारे अडतो, विशेषतः बाहेर वळत नाही, तर फ्रोझन शोल्डर असू शकतो.

दंडाच्या बाहेरच्या बाजूला स्पर्श कळतो का, बोटं हलतात का, मनगटाची नाडी लागते का, हेही तपासतात. निखळलेल्या चेंडूजवळून नस आणि रक्तवाहिन्या जातात. एक्स-रेत हाडं दिसतात. कंडरा आणि किनार बघायला सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो.

आता त्या हिसक्याकडे परत या. मैदानावर खांदा निखळलाय की वाढीच्या पट्टीत हाड मोडलंय, हे नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही. मोडलेलं हाड ओढलं तर ते आणखी सरकेल, नस दुखावेल आणि हाडाच्या वाढीवरही परिणाम होऊ शकतो.

मैदानावर आपण काय करायचं?

- हात ज्या स्थितीत आहे, तसाच आधार द्या. ओढणी किंवा स्कार्फची झोळी करा.
- ओढू नका, चोळू नका, मालिश नको.
- बर्फ कापडात गुंडाळून 15 ते 20 मिनिटं ठेवा.
- भूल द्यावी लागू शकते, म्हणून खायला-प्यायला देऊ नका.
- बोटं बधिर, गार किंवा फिकट पडली, तर एक मिनिटही न थांबता दवाखाना गाठा.

लागलेलं नसताना मुलाचा खांदा दुखतो आणि तापही आहे, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मोठ्यांमध्ये डाव्या खांद्याच्या दुखण्यासोबत छातीत दाब, घाम किंवा धाप असेल, तर ते हृदयाचं दुखणं असू शकतं, ताबडतोब दवाखान्यात न्या.

पुढच्या खेळाच्या तासाआधी मुलांना एवढं एक वाक्य नक्की सांगा: "कुणाचा खांदा दुखावला तर त्याला आधार द्यायचा, हात ओढायचा नाही."