गाजर स्वस्तात घेतलं, पण टिकवलं का?

गाजर हलवा, लोणचं, ज्यूस किंवा डब्याचा व्यवसाय सुरू करायचा विचार असेल तर आजचा विषय तुमच्या कामाचा आहे. थंडीत देवळीच्या बाजारात गाजराचे ढीग लागतात, भाव उतरतो आणि आपण हौसेनं वीस किलो घेऊन येतो. चार दिवसांनी बघतो तर निम्मी गाजरं लुळी, काही चिकट. मग स्वस्तात काय घेतलं आपण?

आधी हिशोब बघू

समजा, ३० रुपये किलोनं २० किलो घेतलं. ६०० रुपये गेले. त्यातलं दोन किलो सडलं आणि दीड किलो वजन सुकून घटलं, तर हाती राहिलं साडेसोळा किलो. म्हणजे गाजर खरं पडलं ३६ रुपयांच्या वर! तेच नीट ठेवून फक्त एक किलो घट आली असती, तर साडेएकतीसच्या आसपास पडलं असतं. किलोमागे जवळपास पाच रुपयांचा फरक. हा पैसा गिऱ्हाईक देत नाही, तो आपल्या खिशातून जातो.

गाजर खराब का होतं?

गाजरात जवळपास ८८ टक्के पाणी असतं. जमिनीतून काढल्यावरही ते श्वास घेत राहतं आणि पाणी सोडत राहतं. साधारण आठ टक्के वजन घटलं की ते मऊ पडतं, विकायच्या लायकीचं राहत नाही. उलट, गाजराच्या अंगावर पाणी राहिलं की कुजायला सुरुवात होते. म्हणून एकच गोष्ट लक्षात ठेवा : पाणी गाजराच्या आत राहिलं पाहिजे, अंगावर नाही.

फ्रिजमध्ये ठेवायची पद्धत

१. घरी आणल्याबरोबर पाला काढून टाका. पाला गाजरातलं पाणी ओढून घेतो.

२. निवडा. तुटलेली, चिरलेली, मऊ गाजरं बाजूला काढा आणि ती आधी वापरा. एक सडकं गाजर सगळ्या पिशवीला लागतं.

३. धुवू नका. माती असेल तर कोरड्या कपड्यानं झटका. बाजारातून धुतलेलीच मिळाली असतील तर सावलीत सुती कापडावर पसरून अंगावरचं पाणी जाईपर्यंतच वाळवा. तासन् तास पंख्याखाली ठेवाल तर तिथंच वजन घटेल.

४. कोरड्या सुती कापडात गुंडाळून, चार-पाच भोकं पाडलेल्या पिशवीत भरा आणि फ्रिजच्या खालच्या भाजीच्या ट्रेमध्ये ठेवा. बर्फाच्या कप्प्याला लागून ठेवू नका, गोठलेलं गाजर नंतर पिचपिचीत होतं.

५. तीन-चार दिवसांनी उघडून बघा. कापड ओलं झालं असेल तर बदला.

६. सफरचंद, पिकलेली केळी जवळ ठेवू नका. त्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूनं गाजर कडू होतं, आणि कडू गाजराचा हलवा साखर वाढवूनही सुधारत नाही.

एवढं केलं तर चांगलं गाजर दोन-तीन आठवडे सहज निघतं.

फ्रिज नसेल किंवा माल जास्त असेल तर

थंडीच्या दिवसांत बादलीत ओलसर वाळूचे थर देऊन गाजरं ठेवता येतात. गाजर गाजराला चिकटू देऊ नका. वाळू मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण पाणी सुटू नये. बादली घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा.

माल जास्त असेल तर दिल्लीच्या पुसा इथल्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं विकसित केलेला विटांचा शीतकक्ष बघा. विटांच्या दोन भिंती, मधल्या साडेसात सेंटिमीटर जागेत वाळू, वरून ओलं झाकण, आणि सकाळ-संध्याकाळ पाणी. वीज लागत नाही. आपल्या माठाचं आणि कूलरचं जे तत्त्व, तेच इथं. हवा जितकी कोरडी, तितका गारवा जास्त, म्हणून वर्ध्याच्या उन्हाळ्यात हा कक्ष चांगला चालतो. पावसाळ्यात मात्र फार अपेक्षा ठेवू नका. बांधायचा तर सावलीत बांधा.

हलव्यासाठी आणखी एक उपाय

सीझनमध्ये गाजराचे तुकडे उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवा, लगेच गार पाण्यात टाका, निथळून कोरडे करा आणि एका वेळी लागेल तेवढ्याच पाकिटांत भरून डीप फ्रीझरमध्ये ठेवा. काही महिने टिकतात. कोशिंबिरीला हे चालणार नाही, कारण करकरीतपणा जातो. हलव्याला चालतं. लाइट जाऊन पाकीट पूर्ण वितळलं आणि अजून गार असेल तर ते त्याच दिवशी वापरून टाका, पुन्हा गोठवू नका. गरम पडलं असेल तर फेकून द्या.

लुळं पडलेलं गाजर गार पाण्यात तासभर ठेवलं तर बरंचसं ताठ होतं. ते घरी किंवा लगेच वापरायला ठीक. चिकट झालेलं, वास येणारं गाजर मात्र फेकायचंच. गिऱ्हाइकाच्या पोटाशी खेळायचं नाही.

आता तुमचा गृहपाठ. दोन किलो गाजर आणा. एक किलो उघड्यावर टोपलीत, एक किलो वरच्या पद्धतीनं फ्रिजमध्ये ठेवा. तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या दिवशी दोन्हीचं वजन करून वहीत लिहा. त्या आकड्यांवरून एका वेळी किती माल घ्यायचा ते ठरवा, भाव बघून नाही. भेटू पुढच्या व्हिडिओत!